झाडावर कसला राग काढताय?

गाडी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, अशी आपल्याकडे बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांची समजूत आहे. काचा वर केल्या, दारं लावली, किल्लीचं बटण दाबलं की आत पाण्याचा थेंब जाणार नाही असं ही मंडळी धरून चालतात. आणि मग जुलैतल्या एखाद्या सकाळी पाय ठेवला की गालिच्यातून पचक्‌न पाणी वर येतं, आणि कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायला सुरुवात होते. ते कुणीतरी म्हणजे कोण, यावर आज जरा कडक लिहिणार आहे. नातेवाईक मंडळींनी रागावू नये. रागवायचंच असेल तर पूर्ण वाचून मग रागवा.

तर मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे गाडी वॉटरप्रूफ नसतेच. बनवणाऱ्यानं ती तशी बनवलेलीच नसते. कोकणातलं कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. पाऊस कौलांवर पडणार, वळचणीला येणार, पन्हळीतून खाली जाणार. तिथे पाण्याशी कुणी भांडत बसत नाही, त्याला वाट करून देतात. मृगाच्या आधी घर शाकारायचं आणि पन्हळीतला पाचोळा काढायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी नोकरीची पहिली अकरा वर्षं राजापूर तालुक्यात काढली. मे महिन्याच्या अखेरीला शाळेचा शिपाई आणि मी शिडी लावून पन्हळ साफ करत असू, कारण ती तुंबली की पाणी थेट सातवीच्या वर्गात उतरायचं. मोटारीतही हीच पन्हळ आहे. फरक एवढाच की ती पत्र्याची-प्लॅस्टिकची आहे आणि झाकलेली आहे, म्हणून दिसत नाही.

पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर जिथून निघतात तिथे, काळ्या प्लॅस्टिकची जाळी असते बघा. काचेवरून ओघळणारं पाणी त्या जाळीतून खाली एका आडव्या पन्हळीत पडतं. तिच्या टोकांना भोकं असतात, काही गाड्यांत रबरी नळ्या असतात, आणि त्यांतून पाणी पुढच्या चाकांच्या मागच्या अंगानं जमिनीवर पडतं. आता गंमत अशी, की एसीच्या पंख्याला बाहेरची ताजी हवा घ्यायची वाटही तिथेच असते. भोकं मोकळी आहेत तोवर काही बिघडत नाही. ती बुजली की पन्हळीचा हौद होतो, पाणी चढत चढत त्या हवेच्या वाटेला लागतं, आणि तिथून आत. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे हा पंखा बहुतेक गाड्यांत डावीकडे, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. म्हणून पहिल्यांदा भिजतात ते शेजारी बसणाऱ्याचे पाय. (आमच्या पिढीत हे पाय बहुधा बायकोचे. चालवणाऱ्याला पत्ता लागायला दोन महिने जातात ते त्यामुळेच असावं!)

दरवाजाचंही तसंच. काच खालीवर होते त्या फटीला रबराची पट्टी असते, पण ती सगळं पाणी अडवत नाही. काचेबरोबर थोडं पाणी दरवाजाच्या पोटात जातंच जातं. ते बाहेर पडावं म्हणून दरवाजाच्या अगदी तळाच्या कडेला दोनतीन बारीक भोकं ठेवलेली असतात. त्यांत चिखल बसला की दार उघडताना आत ‘खळ्ळ’ असा आवाज येतो, नारळ हलवल्यासारखा. आमच्या काळच्या फियाट गाड्या आठवतात का? वरून चकचकीत आणि दाराची खालची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. आताच्या पत्र्याला जस्ताचा लेप असतो, म्हणून सडायला वेळ लागतो, इतकंच. याखेरीज डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याला रबरी बूच असतं, पेट्रोलच्या टोपणाभोवतीच्या वाटीला भोक असतं, एसीचं पाणी खाली टाकणारी नळी असते. यादी वाढवत नाही, मुद्दा लक्षात आला असेल.

आता मूळ भांडणाकडे येतो.

आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात चार गाड्यांत पाणी शिरलं. चारही गाड्या पश्चिमेच्या भिंतीलगत, विलायती शिरीषाच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या. झालं! यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेत विषय क्रमांक पाच आला : ‘पार्किंगमधील धोकादायक वृक्ष काढून टाकणेबाबत.’ धोकादायक! ज्या झाडाची एक फांदी गेल्या वीस वर्षांत कुणाच्या डोक्यावर पडली नाही ते झाड एकाएकी धोकादायक झालं, कारण काय, तर त्याची पानं पडतात. पानं पडणं हा गुन्हा असेल तर माणसाचे केस पडतात त्याचं काय करायचं? मी तर पुरा दोषी ठरेन.

झाडाची बाजू मांडायची तर आधी त्याच्याविरुद्धचा पुरावा मान्य करायला हवा, आणि तो मी करतो. शिरीष, गुलमोहर, सोनमोहर या पुण्याच्या रस्तोरस्ती असलेल्या झाडांची पानं बारीक असतात. वडाचं किंवा बदामाचं पान जाळीवर अडतं, डोळ्यांना दिसतं, हातानं उचलून टाकता येतं. शिरीषाची पर्णिका मात्र जाळीच्या फटीतून सरळ आत जाते. गुलमोहराचीही. उन्हाळ्यात सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो, तो सुंदर दिसतो, त्याचे फोटो काढून लोक एकमेकांना पाठवतात, आणि तोच सडा जाळीखाली जाऊन कुजतो. त्यात रस्त्याची धूळ मिसळते. पहिल्या दोनचार सरींत त्याचा चिखल होतो आणि भोकात डिंकासारखा बसतो. हे सगळं खरं आहे. पण हे जानेवारीपासून जूनपर्यंत, तब्बल पाच महिने, तुमच्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं. त्या पाच महिन्यांत बॉनेट उघडून एकदा हात घातलात का? नाही. मग झाड तोडून काय होणार? शेजारच्या सोसायटीतल्या झाडाची पानं वाऱ्यानं येतील. ती नाही आली तर धूळ आहेच, ती पुण्यात कधी कमी पडलेली नाही.

बरं, झाड म्हणजे काही कुंडीतली तुळस नव्हे की उचलून बाजूला ठेवली. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ सालापासून कायदा आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षणही आहे. आमचं झाड सोसायटीच्या आधीचं आहे. पायाभरणीच्या फोटोत ते मागे उभं दिसतं. मे महिन्यात त्याच्या सावलीतली जागा मिळावी म्हणून याच चार गाड्यांच्या मालकांनी एकेकाळी चिठ्ठ्या टाकण्याचा आग्रह धरला होता, तो इतिवृत्तात नोंदलेला आहे. सावली पाहिजे, पान नको. असं कसं चालेल?

झाडाला निदान कायदा आहे. ज्याला काहीच नाही त्याच्याबद्दल सांगतो.

आमच्याकडे पहाटे पाचला एक माणूस गाड्या पुसायला येत असे. अकरा गाड्या, बादली आणि फडकं. गेल्या जुलैत चारांपैकी एका गाडीच्या मालकांनी ठरवून टाकलं की हा बादलीनं पाणी मारतो म्हणून गाडीत पाणी शिरतं. त्यानं सांगून पाहिलं की तो ओल्या फडक्यानंच पुसतो, पावसाळ्यात तर पाणी लागतच नाही. कोण ऐकतो? त्याला काढलं. एकानं काढलं म्हणून बाकीच्यांनीही काढलं, कारण आपल्याकडे संशय साथीच्या रोगासारखा पसरतो. अकरा गाड्यांचं महिन्याचं काम एका सकाळीत गेलं.

मला ते पटेना. मी काही विज्ञानाचा शिक्षक नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवत असे. पण इतिहासात एक सवय लागते, की आरोप झाला की आधी कागद बघायचा. म्हणून त्या गृहस्थांना विनवणी करून रविवारी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वायपर काढले, जाळी उचलली. आत काय असावं? काळंभोर, भुसभुशीत, वास येणारं खत! कुंडीसाठी शंभर रुपये किलोनं विकतात तसलं. त्यात दोन पानांचं पिंपळाचं रोपटं छान रुजलेलं. मेकॅनिकनं ते हातानं उपसलं, डावीकडच्या भोकात बोट घालून लगदा काढला आणि आतलं साठलेलं पाणी चाकामागे असं भळाभळा वाहिलं की आम्ही दोघं मागे सरलो. खाली बघायला जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, “अच्छा, असं होय!”

मी म्हटलं, “मग त्या माणसाला परत बोलवा.”

“सर, तुमचं बरोबर आहे. पण आता दुसरा लावलाय ना.”

या उत्तरावर मी त्या दिवशी काही बोललो नाही, म्हणून आज इथे बोलतोय. पाचोळा काढला नाही मालकानं, पगार गेला पुसणाऱ्याचा, आणि आता कुऱ्हाड झाडावर. ज्याची गाडी, ज्याची किल्ली, तो सोडून सगळे दोषी. आणि हा स्वभाव पार्किंगपुरता आहे असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो अफाटच होता. पण मिठी नदीची वाट आपण किती अरुंद करून ठेवली होती हे बोलायला लोकांना पुष्कळ वेळ लागला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हाही गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली एकच वाक्य : “काय हा पाऊस!” असो. ओढा माझ्या हातात नाही. वायपरखालचं भोक आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे आम्ही कशाला करायचं? दर वर्षी सर्व्हिसिंगला पैसे मोजतो, ते लोक बघतील. माझीही भाबडी अपेक्षा तीच होती. पुतण्याच्या गाडीला कुबट वास येऊ लागला म्हणून त्यानं गाडी एका मोठ्या, काचेच्या भिंती असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. मी सोबत गेलो होतो. बिल तीन पानी. आतली ड्रायक्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, सुगंधी बाटली, वर सिरॅमिक कोटिंग घ्या म्हणून आग्रह. पन्हळीबद्दल एक ओळ नाही. मी विचारलं तेव्हा तिथला तरुण अगदी अदबीनं म्हणाला, “काका, ते आमच्या चेकलिस्टमध्ये नाही.” वास पंधरा दिवसांनी परत आला, कारण गालिच्याखालचा फोम ओला तो ओलाच होता. वरून गालिचा सुकतो, पण खालचा जाड थर स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो आणि त्यात बुरशी धरते. पुतण्याच्या मुलीला दमा आहे. ती रोज त्याच सीटवर बसून शाळेत जाते, आणि तिच्या नाकाजवळ सुगंधी बाटली टांगून आपण बुरशी झाकतोय! डॉक्टरांनी घरातली ओल काढा म्हणून बजावलं होतं, ती बिचाऱ्यांनी काढलीही होती. गाडीतली ओल कुणाच्या ध्यानातच आली नाही.

चेकलिस्टमध्ये का नाही, याचा विचार केला तर उत्तर सोपं आहे. पाचोळा काढायला दहा मिनिटं लागतात आणि त्यात विकण्यासारखं काही नाही. लेप विकता येतो. उलट गाडीच्या पोटाला काळा लेप मारून घेतात ना, गंजू नये म्हणून, तो निष्काळजीपणानं मारला तर उंबऱ्याखालची पाणी जायची भोकंच लिंपून टाकतो. गंजाच्या भीतीनं पैसे भरायचे आणि पाणी आत कोंडून घ्यायचं! लेप मारून आणलात तर एकदा वाकून भोकं उघडी आहेत का ते बघा. माहिती मिळत नाही असंही नाही. ह्युंदाईच्या पुस्तिकेत दरवाजाच्या आणि उंबऱ्याच्या खालची भोकं चिखलानं बुजू देऊ नका, नाहीतर गंज धरेल, असं सरळ छापलेलं आहे. पण पुस्तिका कोण वाचतो? ती कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडी विकेपर्यंत नवीकोरी. विम्यावरही विसंबू नका. सर्वसाधारण मोटार विम्यातून झीज आणि विजेच्या यंत्रणेतला बिघाड वगळलेला असतो, आणि गालिच्याखालून तारा जातात, बऱ्याच गाड्यांत सीटखाली एअरबॅगच्या तारांचे जोड असतात. तिथे महिनोन्‌महिने ओल राहिली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि सनरूफ! हल्ली मुलीकडचे मुलाच्या नोकरीबरोबर हेही विचारतात की काय कोण जाणे. छताची ती काच बंद असली तरी तिच्या कडेनं थोडं पाणी खाली उतरतंच. ते झेलायला भोवती पन्हळ असते आणि बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली नेलेल्या असतात. म्हणजे हौसेनं तुम्ही आणखी चार भोकं विकत घेतलीत. अमेरिकेत फोक्सवॅगन आणि आउडीच्या मालकांनी यावरून सामुदायिक दावा लावला होता, की पानं आणि परागकणांनी या वाटा बुजतात आणि पाणी आत येतं. तिथल्या जिल्हा न्यायालयानं मान्य केलेली तडजोड अपिलात २०१२ साली रद्द झाली, कारण दावेदारांतल्याच दोन गटांचे हितसंबंध जुळत नव्हते. प्रकरण इतक्या वर गेलं, एवढ्या वकिलांचे संसार त्यावर चालले, आणि मुळाशी काय? पाचोळा. आपल्याकडे सनरूफ दाखवताना विक्रेता मुलांना त्यातून डोकं बाहेर काढायला सांगतो (ते अत्यंत धोक्याचं आहे, पण तो वेगळा लेख), नळ्यांचं नाव काढत नाही.

करायचं काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नुसतं बोललो असं व्हायला नको. मेच्या अखेरीस एकदा, आणि झाडाखाली गाडी असेल तर पावसात दर पंधरवड्याला, बॉनेट उघडायचं. जाळीच्या दोन्ही टोकांशी हात जाईल तेवढा पाचोळा हातानं काढायचा, उरलेला रंगाच्या जुन्या ब्रशानं. मग मगभर पाणी हळूहळू ओतायचं आणि चाकामागे धार लागते का ते बघायचं. लागली तर काम झालं. नाही लागली तर जाळी काढायला मेकॅनिक बोलवा, स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, तिचे खटके तुटतात. दरवाजाच्या भोकांना उदबत्तीची काडी पुरते. खिळा घालू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. सनरूफच्या नळ्यांत तार किंवा जोराची हवा मारू नका. नळी आत सांध्यातून निसटली तर पाणी थेट छताच्या अस्तरात. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी मिळते, ती अलगद सरकवावी. आणि गालिचा भिजलाच असेल तर पाणी कसलं ते आधी बघा. एसी चालवल्यावरच ओलं होत असेल आणि पाणी स्वच्छ असेल तर एसीची नळी तुंबलेली असते. पावसानंतर ओलं होत असेल तर पन्हळ किंवा सनरूफ. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते रेडिएटरचं कूलंट, तिथे ताबडतोब मेकॅनिक.

“सर, एवढा वेळ कुणाला आहे?” हा प्रश्न मला रविवारी दीड तास गाडीला शाम्पू लावणारा माणूस विचारतो. माझी वॅगन आर २०११ सालची आहे, तिच्यावर तीन ओरखडे आहेत आणि मागच्या बाजूला एक पोचा. मुलं हसतात. पण तिचे दरवाजे खालून शाबूत आहेत आणि आतून तिला कसलाही वास येत नाही. वेळ खरंच नसेल तर पुसणाऱ्याला महिन्याला पन्नास रुपये जास्त द्या आणि बॉनेटचा खटका कुठे असतो ते दाखवा. तो हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करील. फक्त मग पाणी शिरलं तर आधी भोक बघा, त्याचा चेहरा नंतर.

विषय क्रमांक पाच सध्या पुढच्या सभेवर ढकलला आहे. मी लेखी हरकत दिली आहे. तिच्यात दोन मागण्या आहेत : झाड राहावं, आणि त्या माणसाला अकराही गाड्यांचं काम परत मिळावं. बाकीच्या तीन गाड्यांचीही जाळी मेकॅनिककडून उघडून घेतली होती. चारही गाड्यांतून निघालेला पाचोळा मी टाकून दिला नाही. पाच किलो तांदळाच्या पिशवीत तो अर्ध्यावर आला. ती पिशवी हरकतीच्या अर्जासोबत सचिवांच्या टेबलावर ठेवली.

“सर, अर्ज घेतो. पिशवी तेवढी घेऊन जा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “सभा होईपर्यंत राहू द्या.”